नमनाला घडाभर तेल नको: रेझ्युमेच्या पहिल्या चार ओळी

हल्ली रेझ्युमे सर्रास व्हॉट्सॲपवरून जातो. कुणीतरी एचआरचा नंबर देतं, कन्सल्टन्सीवाले ‘सीव्ही टाका’ म्हणतात आणि पीडीएफ रवाना होते. समोरच्याने ती उघडायच्या आधीच चॅटमध्ये पहिल्या पानाचा वरचा पट्टा दिसतो. बऱ्याच रेझ्युमेंच्या त्या पट्ट्यात मधोमध ठळक अक्षरांत ‘करिक्युलम व्हिटे’ असतं, खाली रूम नंबर, चाळ, नाका, पिनकोड असा सगळा पत्ता असतो आणि मग ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ सुरू होतं. हा माणूस काम काय करतो, याचा पत्ता मात्र कुठेच नसतो.

‘रिक्रूटर एका रेझ्युमेला सहाच सेकंद देतो’ हे तुम्ही दहा ठिकाणी वाचलं असेल. ‘द लॅडर्स’ या अमेरिकी नोकरीच्या साइटने २०१२ मध्ये ३० रिक्रूटर्सच्या नजरेची हालचाल टिपून तो आकडा काढला होता. २०१८ मध्ये त्यांनीच तो ७.४ सेकंदांवर नेला. तीस जणांच्या आकड्यावरून अंधेरीतल्या एचआरची वेळ मोजायला जाऊ नये. पण पहिली नजर चाळणारी असते, वाचणारी नसते, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. चाळणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: आमचं हे काम हा माणूस करतो का, किती वर्षं आणि किती प्रमाणात करतो, आणि कुठून व कधी येऊ शकतो. वरच्या चार ओळींनी या तिन्हींची उत्तरं द्यायची. स्वभावाचं वर्णन कुणी मागितलेलं नाही.

‘टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट व्हेअर आय कॅन युटिलाइझ माय स्किल्स अँड ग्रो विथ द ऑर्गनायझेशन.’ हे वाक्य कॉलेजच्या प्लेसमेंट सेलपासून नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळीकडे तयार मिळतं. त्यात चूक काहीच नाही, आणि तीच अडचण आहे. ते फिटरलाही लागू पडतं आणि फार्मसिस्टलाही. शिवाय ते तुम्हाला काय हवंय ते सांगतं, तर वाचणाऱ्याला त्याच्या रिकाम्या जागेची काळजी असते. ऑब्जेक्टिव्ह काढून टाका. त्या जागी काय येतं ते पुढे सांगतो, पण आधी अगदी वरच्या दोन ओळी.

पहिली ओळ नाव. इथे आपल्याकडे एक खास घोटाळा होतो. एसएससीच्या मार्कशीटवर आडनाव आधी छापलेलं असतं, म्हणून पुष्कळ जण रेझ्युमेवरही आडनाव, नाव, वडिलांचं नाव याच क्रमाने लिहितात. अर्ज वाचणारं सॉफ्टवेअर पहिला शब्द नाव म्हणून उचलतं आणि मग मेल येते ‘डिअर पाटील’ अशी. नाव आणि आडनाव, बस. लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि कागदपत्रं जुन्या नावावर असतील, तर कागदपत्रांवरचं नाव ठेवा. पडताळणीच्या वेळी तेच जुळवलं जातं. अक्षरांचा आकार १६ ते १८, बाकी मजकूर १०.५ किंवा ११. ‘रेझ्युमे’ किंवा ‘बायोडेटा’ असं शीर्षक लिहू नका, समोर काय आहे ते दिसतंच. जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, उंची या गोष्टी लग्नाच्या बायोडेटात शोभतात. फोटो फक्त जाहिरातीत मागितला असेल तर; केबिन क्रू किंवा हॉटेलच्या फ्रंट ऑफिससाठी मागतात.

दुसरी ओळ संपर्काची. एक मोबाइल नंबर, एकच. दोन दिले की नेमका बंद असलेला लावला जातो. गल्फसाठी अर्ज असेल तर पुढे +९१. ईमेल नाव-आडनावाचा. कॉलेजात हौसेने काढलेला, शेवटी ००७ वगैरे असलेला, आता मित्रांपुरता ठेवा. पूर्ण पत्ता, आधार, पॅन यांतलं काहीही नको. तुमची पीडीएफ किती हातांतून जाईल ते तुमच्या ताब्यात नसतं, आणि नोकरीच्या नावाखाली फसवणारे असल्या तयार माहितीवरच जगतात.

पत्ता नको, पण ठिकाण हवं, आणि मुंबईत ते नीट हवं. नुसतं ‘मुंबई’ लिहिलं आणि राहायला बदलापूर असेल, तर पहिल्या फोनवर तोच विषय निघतो आणि आपण काहीतरी लपवत होतो असं उगाच वाटतं. ‘डोंबिवली (पूर्व)’, ‘विरार (पश्चिम)’, ‘खारघर’ एवढं पुरे. कल्याणहून ऐरोली म्हणजे ठाण्याला गाडी बदलून ट्रान्सहार्बर, वसईहून बीकेसी म्हणजे वांद्र्याला उतरून पुढे बस किंवा शेअर रिक्षा, हे गणित एचआर मनातल्या मनात करतो. ते त्याला करू द्या. रात्रपाळीच्या बीपीओत तर हा मुद्दा पहिला असतो: कंपनीच्या गाडीची हद्द ठरलेली असते आणि त्याबाहेर राहणाऱ्याला नाही म्हणणं त्यांना सोपं जातं. हद्दीत राहत असाल तर भाग लिहिणं तुमच्याच फायद्याचं. घर बदलायची तयारी असेल तर तेही दोन शब्दांत तिथेच लिहा.

त्याच ओळीच्या शेवटी नोटीस पिरियड. ‘नोटीस ३० दिवस’ किंवा ‘शेवटचा दिवस १५ जुलै’. आयटी आणि बँकांत ९० दिवसांची नोटीस सर्रास असते, त्यामुळे ज्याची कमी आहे त्याने ती वर न लिहिणं म्हणजे हातचं सोडणं. ज्याची ९० दिवस आहे त्याने ती खालच्या भागात ठेवली तरी चालेल, फक्त विचारल्यावर फिरवाफिरवी नको. ‘इमिजिएट जॉइनर’ हे खरोखर मोकळे असाल तरच. शेवटच्या दिवसाची तारीख लिहिली असेल तर ती उलटून गेल्यावर बदला. मागच्या महिन्याची तारीख असलेला रेझ्युमे शिळा दिसतो. पगार मात्र वरच्या भागात कधीच नको, ना चालू ना अपेक्षित. तो फोनवर विचारतातच.

आता खरा मजकूर. संपर्काखाली एक ठळक ओळ आणि तिच्याखाली तीन वाक्यं, मिळून ५० ते ६० शब्द. नमुने मी इथे मराठीत देतो आहे. रेझ्युमे इंग्रजीत जायचा असला तरी आधी असाच मराठीत लिहून काढावा असं माझं ठाम मत आहे. ‘तू ऑफिसात करतेस काय गं?’ असं मावशीने विचारलं तर आपण सरळ उत्तर देतो. इंग्रजीत लिहायला बसलो की ‘रिस्पॉन्सिबल फॉर हँडलिंग व्हेरियस ॲक्टिव्हिटीज’ सुरू होतं.

समजा अंधेरी पूर्वेतल्या इंजिनिअरिंग माल विकणाऱ्या एका कंपनीला अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह हवाय. जाहिरातीत आहे: ३ ते ५ वर्षं अनुभव, टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, व्हेंडर पेमेंट, एक्सेल. अर्ज करणारी काळबादेवीच्या घाऊक कापड व्यापाऱ्याकडे काम करते, राहायला डोंबिवलीला. तिचा सध्याचा मजकूर असा: ‘हार्डवर्किंग, सिन्सिअर अँड डेडिकेटेड अकाउंट्स प्रोफेशनल विथ गुड कम्युनिकेशन स्किल्स, सीकिंग अ पोझिशन इन अ रेप्युटेड ऑर्गनायझेशन.’ यात जाहिरातीतली एकही गोष्ट नाही. हा बदललेला:

‘अकाउंट्स: जीएसटी, व्हेंडर पेमेंट, टॅली प्राइम

अकाउंट्स असिस्टंट, ३ वर्षं ८ महिने, घाऊक कापड व्यापार; बी.कॉम., मुंबई विद्यापीठ. टॅली प्राइममध्ये महिन्याला सुमारे ४०० व्हाउचर, ३ बँक खात्यांचा ताळमेळ आणि ६० व्हेंडरांची पेमेंट. २ जीएसटी नोंदण्यांसाठी जीएसटीआर-१ आणि ३बी तयार करते, २बीशी क्रेडिट एक्सेलमध्ये जुळवते; गेल्या १२ महिन्यांत एकाही रिटर्नला लेट फी लागलेली नाही.’

आकडे नमुन्याचे आहेत, पण बांधणी बघा. ठळक ओळीत पदाचं नाव नाही, कामाचं नाव आहे. ती आज असिस्टंट आहे आणि अर्ज एक्झिक्युटिव्हचा आहे. वर ‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह’ लिहिलं असतं तर खाली अनुभवाच्या भागात असिस्टंट बघून वाचणारा अडखळला असता. कामाचं नाव लिहिलं की खोटंही बोलावं लागत नाही आणि जाहिरातीतले शब्दही सगळ्यात वर येतात.

तिसऱ्या वाक्यातला ‘२बी’ हा शब्द सगळ्यात जास्त काम करतो. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, तारीख पुढच्या महिन्याची ११, २बी (व्हेंडरांनी टाकलेल्या बिलांवरून पोर्टलवर आपोआप निघणारं क्रेडिटचं विवरण) तयार होतं १४ ला आणि ३बी (कर भरायचं एकत्रित रिटर्न) भरायचं २० ला. मधले ते पाच-सहा दिवस म्हणजे कुठल्या व्हेंडरने बिल अपलोडच केलेलं नाही, कुणी चुकीच्या जीएसटी नंबरवर टाकलंय, याचा शोध आणि फोनाफोनी. अकाउंट्सच्या साहेबांना हे रोजचं आहे. ‘२बीशी जुळवते’ एवढं वाचलं की त्यांना कळतं, या मुलीने हे दिवस काढलेले आहेत. ‘सिन्सिअर’ आणि ‘डेडिकेटेड’ हे दोन शब्द मिळून तेवढं सांगू शकत नाहीत. प्रत्येक धंद्यात असा एखादा शब्द असतो, जो फक्त काम केलेल्यालाच सुचतो. तो शोधून वरच्या चार ओळींत बसवा.

क्रियापदाकडेही बघा: ‘तयार करते’, ‘भरते’ नाही. अनेक पेढ्यांत आकडे अकाउंटंट तयार करतो आणि पोर्टलवर भरणं सीएच्या ऑफिसातून होतं. ‘भरते’ लिहिलं की मुलाखतीत ‘३बीमध्ये आयटीसी कुठल्या टेबलात येतं?’ असा साधा प्रश्न येतो (आयटीसी म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट). चौथ्या टेबलात, हे जो स्वतः भरतो त्याला झोपेतही सांगता येतं. जो भरत नाही तो गडबडतो आणि बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. मदत केली असेल तर मदत केली लिहा, एकट्याने केलं असेल तर ते ठणकावून लिहा.

आणि ‘लेट फी नाही’. बाहेरच्या सल्ल्यांत नेहमी असतं की खर्च वीस टक्क्यांनी कमी केला, विक्री दुप्पट केली असं काहीतरी दाखवा. काळबादेवीतल्या अकाउंट्स असिस्टंटने विक्री कशी दुप्पट करायची? वेळेवर झालं, चूक निघाली नाही, परत करावं लागलं नाही, ऑडिटमध्ये प्रश्न आला नाही, हेही निकालच आहेत. मला तर फुगवलेल्या टक्केवारीपेक्षा हे जास्त पटतात.

‘आमच्या कामात आकडे नसतात’ असं म्हणणाऱ्यांनी एक साधा महिना निवडावा, मार्च किंवा दिवाळीचा नको, आणि मोजावं. टॅलीत ‘स्टॅटिस्टिक्स’ नावाचा रिपोर्ट आहे, तो व्हाउचरच्या प्रकारानुसार संख्या देतो. एक महिन्याचा काळ टाकला की झालं. कॉल सेंटरवाल्याकडे रोजचे कॉल, सरासरी हँडलिंग टाइम आणि क्वालिटी स्कोअर असतोच. दुकानातल्या काउंटरवरच्याला दिवसाची बिलं माहीत असतात. मोजलेल्या आकड्याला ‘सुमारे’ लावून गोल करा. मालकाची उलाढाल, ग्राहकांची नावं, नफ्याचे आकडे मात्र लिहायचे नाहीत. जो जुन्या मालकाच्या गोष्टी कागदावर मांडतो तो उद्या आमच्याही मांडेल, हा विचार नव्या मालकाच्या मनात येतोच.

वर्षांच्या हिशेबात हात राखून राहा. ३ वर्षं ८ महिन्यांचे ‘जवळपास ४’ करायची गरज नाही, जाहिरातीत ३ ते ५ मागितलीत. पीएफ कापणाऱ्या ठिकाणी काम केलं असेल तर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्ट्रीत असते, आणि पडताळणी करणाऱ्या एजन्सीज ती बघतात. वर लिहिलेली एकूण वर्षं आणि खालच्या तारखांची बेरीज जुळत नसेल तर चूक तुमची की तुमच्या हेतूची, हे कुणी विचारत बसत नाही.

इतर धंद्यांत बांधणी हीच, फक्त वजन वेगळ्या गोष्टींना. नर्सच्या पहिल्या वाक्यात जीएनएम की बीएस्सी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, आणि कुठला विभाग: ‘५ वर्षं, त्यातली ३ मेडिकल आयसीयूत, १२ खाटांचं युनिट’. नुसतं ‘५ वर्षं अनुभव’ वाचून मेट्रनला काहीच कळत नाही, कारण जनरल वॉर्ड आणि आयसीयू ही दोन वेगळी कामं आहेत. कस्टम क्लिअरन्सवाल्याने समुद्री की हवाई हे आधी सांगावं. न्हावा शेव्याला कंटेनर सोडवणारा आणि सहारला एअर कार्गो बघणारा, दोघेही बिल ऑफ एंट्रीच (आयात मालाचा कस्टमला द्यायचा कागद) करतात, पण त्यांची घाई वेगळी असते. शाळेसाठी अर्ज असेल तर डी.एड. किंवा बी.एड., टीईटीचा कुठला पेपर पास, विषय आणि माध्यम, एवढ्यावर पहिली ओळ संपली पाहिजे. ‘मुलांची आवड’ तिथे लिहू नये; ती नसलेला कुणी अर्ज करत नाही असं शाळा धरून चालते.

फ्रेशरचं काय, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर सगळ्यात छोटं आहे. दोनच वाक्यं. पहिल्यात पदवी, वर्ष आणि कुठल्या कामासाठी अर्ज. दुसऱ्यात हाताने केलेली एक गोष्ट. ‘बीएस्सी आयटी, मुंबई विद्यापीठ, ज्युनिअर टेस्टर पदासाठी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये लायब्ररी ॲपसाठी ७० टेस्ट केस लिहून चालवल्या, २३ बग नोंदवले.’ आयटीआय फिटरने ट्रेड, प्रमाणपत्र आणि ॲप्रेंटिसशिप कुठल्या प्रकारच्या कारखान्यात केली ते लिहावं, आणि मायक्रोमीटर, व्हर्नियर, ड्रॉइंग वाचन यांतलं जे खरोखर येतं ते. एमएस-सीआयटी वरच्या भागात नको, ते खाली शिक्षणात. टायपिंगची परीक्षा मात्र डेटा एन्ट्रीच्या जागेसाठी वर आणावी, वेगासकट. उन्हाळ्याच्या सुट्टीत काकांच्या दुकानात बिलिंग केलं असेल तर तोही अनुभव आहे. लाजायचं कारण नाही, ‘नातेवाइकांचा व्यवसाय’ असं प्रामाणिकपणे लिहिलं की झालं.

मध्ये खंड पडला असेल, मुलं लहान होती, घरात आजारपण होतं, तर पहिल्या चार ओळींत त्याची सफाई देऊ नका. खंड अनुभवाच्या भागात एका ओळीत जातो: वर्षं आणि कारण, दोन शब्दांत. वर जायला हवं ते आधीचं काम आणि अलीकडचं काहीतरी, म्हणजे नुकताच केलेला कोर्स, घरून सांभाळलेली सोसायटीची खाती, जे असेल ते. ‘टॅली ईआरपी ९’ एवढंच लिहिलेलं असेल तर खंड न सांगताही कळतो, कारण टॅली प्राइम २०२० पासून आलंय. पंधरा दिवस बसून नवं शिका आणि मग नाव बदला, उलट क्रमाने नको.

जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे वापरा. त्यांनी ‘अकाउंट्स पेएबल’ म्हटलं असेल तर तुमच्याकडे त्याला ‘पार्टी पेमेंट’ म्हणत असले तरी रेझ्युमेत पेएबल. नोकरी डॉट कॉमच्या रेसडेक्समध्ये, म्हणजे रेझ्युमेंच्या साठ्यात, रिक्रूटर शब्द टाकून शोधतो, वर अनुभव, ठिकाण, नोटीस यांच्या गाळण्या लावतो. तो शब्दच नसेल तर तुम्ही यादीतच येत नाही. पूर्ण नाव एकदा आणि संक्षेप एकदा, दोन्ही कुठेतरी असू द्या. पण एकाच शब्दाची माळ ओढू नका, यादीत आल्यावर पुढे वाचणारा माणूसच असतो.

चॅटजीपीटीने लिहून घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ‘रिझल्ट्स-ड्रिव्हन प्रोफेशनल विथ अ प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड’ हे नवं करिअर ऑब्जेक्टिव्ह झालंय. त्याला कोरं पान देऊ नका. तुमची तीन मराठी वाक्यं द्या, ‘साध्या इंग्रजीत कर, एकही नवी माहिती किंवा विशेषण घालू नकोस’ असं बजावा, आणि तरीही प्रत्येक शब्द तपासा. अकाउंट्स म्हटलं की ते एसएपी घुसडतं, मार्केटिंग म्हटलं की गूगल ॲनालिटिक्स. जे वापरलेलं नाही ते पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं. इंग्रजी स्वतः करत असाल तर ‘आय’ नको, ‘मायसेल्फ’ नको आणि ‘हॅविंग ४ इयर्स एक्सपीरियन्स’ने सुरुवात नको, थेट पदाच्या नामाने सुरू करा.

आता कागदाचं. कॅन्वाचे दोन रकान्यांचे साचे दिसतात छान, पण सॉफ्टवेअर दोन्ही रकाने आडवे वाचत सुटलं की तुमच्या अनुभवाच्या मध्ये ‘हॉबीज: क्रिकेट’ येतं. वर्डमध्ये नाव-नंबर अगदी वरच्या ‘हेडर’च्या पट्टीत टाकू नका; बऱ्याच प्रणाली तो भाग वगळतात आणि अर्ज बिननावाचा पोचतो. टेक्स्ट बॉक्सचंही तेच. एक रकाना, साधा मजकूर. इंटरनेटवरून उतरवलेला साचा पुष्कळदा अमेरिकी लेटर मापाचा असतो, तो ए४ करून घ्या, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात छापताना मजकूर आक्रसतो किंवा कडा जातात. मराठीत रेझ्युमे मागणारी संस्था असेल, पतपेढी किंवा शाळा, तर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीतला मजकूर दुसऱ्याच्या मशिनवर फॉन्ट नसला की निरर्थक इंग्रजी अक्षरांत फुटतो.

तपासायची पद्धत दोन मिनिटांची. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नाव, नंबर, ठिकाण, ठळक ओळ, तीन वाक्यं याच क्रमाने उतरली तर ठीक. क्रम विस्कटला तर साच्यात घोळ आहे. काहीच पेस्ट झालं नाही तर ती पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र आहे, बहुधा छापलेल्या कागदाचा फोनवर काढलेला स्कॅन. वर्डमधून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ करून नवी काढा. मग ती स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि न उघडता बघा, वरच्या पट्ट्यात नाव आणि कामाची ओळ दिसते का. शेवटी आपल्या धंद्यातल्या नसलेल्या माणसाला फोन दहा सेकंद दाखवा, काढून घ्या आणि विचारा, ‘हा काय काम करतो?’ उत्तर ‘काहीतरी ऑफिसचं’ असं आलं तर पुन्हा ठळक ओळीवर बसा.

हीच ठळक ओळ थोडी वाढवून नोकरी डॉट कॉमवरच्या ‘रेझ्युमे हेडलाइन’मध्ये जाते, तिथे २५० अक्षरांची मर्यादा आहे, लिंक्डइनच्या हेडलाइनला २२०. दोन्हीकडे फोनच्या पडद्यावर मागचा भाग कापला जातो, म्हणून कामाचं नाव आणि वर्षं आधी, बाकी नंतर. ‘लुकिंग फॉर ऑपॉर्च्युनिटीज’ने सुरुवात केली तर कापल्यानंतर तेवढंच उरतं.

हे सगळं लिहायचं मात्र सगळ्यात शेवटी, खालचा अनुभव आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर. आणि दर अर्जाला बदलायचं: एक मोठी फाइल स्वतःपाशी ठेवा, तिच्यात सगळे आकडे, सगळी कामं, त्यातून जाहिरातीप्रमाणे तीन वाक्यं उचला. फाइलचं नाव नाव-आडनाव-पद असं, ‘रेझ्युमे फायनल नवीन २’ नको. पाठवताना ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ एवढंच न लिहिता पदाचं नाव, ठळक ओळ आणि नोटीस मेसेजमध्येच टाका. कुणाला कुठली आवृत्ती गेली ते तारखेसकट कुठेतरी टिपून ठेवा. महिन्याने लोकलच्या गर्दीत फोन येतो, ‘आपका रेझ्युमे देखा’ म्हणून, तेव्हा त्यांच्यासमोर कोणती तीन वाक्यं आहेत हे तुम्हाला माहीत हवं.